नाम्याची गाठ

पूर्णेच्या नाक्यावर बोर्ड लागला तो सोमवारी. मंदा सिस्टर रिक्षातून उतरली, पर्स खांद्याला अडकवली आणि वर बघितलं, तर केसरीनाथ शेठ दोन्ही हात जोडून तिच्याकडे बघत हसत होता. गळ्यात बोटाएवढी चेन, डोळ्यांवर काळा चष्मा, पाठीमागे निळंशार पाणी आणि त्यात पांढऱ्या शिडाचं जहाज. खाली लिहिलं होतं, 'दौलत तांडेल लॉजिस्टिक पार्क, आंबेखार. भव्य उद्घाटन येत्या रविवारी.' इथवर तिचं काही म्हणणं नव्हतं. या पट्ट्यात गोदामं हल्ली कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवतात. भाताची खाचरं होती तिथे कंटेनर उभे राहतात आणि ज्यांची खाचरं होती ते बोर्डावर चढतात. पण जहाजाच्या खाली, लाल अक्षरात, आणखी एक ओळ होती. 'आमचा शब्द म्हणजे नाम्याची गाठ नव्हे!'

मंदाच्या डोक्यात सणक गेली. भर नाक्यावर, ट्रक आणि टेम्पोंच्या गर्दीत ती बोर्डाकडे बघत उभी राहिली. मागचा रिक्षावाला हॉर्न मारून दमला.

आंबेखार गावात ही म्हण लहान पोरालाही ठाऊक. येतो म्हणाला आणि आला नाही, नाम्याची गाठ. ठरलेलं लग्न मोडलं, नाम्याची गाठ. पोराच्या चड्डीची नाडी सुटली तरी म्हातारी म्हणणार, काय रे, तुझी पण नाम्याची गाठ का. आता बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांना हेही माहीत नव्हतं की नामा नावाचा कोणी माणूस होता. मंदाला माहीत होतं. नामा तिचा बाप.

गाव सांगायचं ती गोष्ट अशी. खाडीत रेतीच्या शिडाच्या होड्या चालायच्या तेव्हाची. केसरीनाथचा बाप दौलत तांडेल याच्या होडीवर नामा खलाशी होता. बौद्धवाड्यातला एकटाच. आधी तो खाडीकाठच्या खारीतलं गवत कापून भारे बांधायचा, मग होडीवर गेला. होडीवर सगळ्यांचं पाण्याचं मडकं एक आणि नाम्याचा डबा वेगळा, पण शिडाचा दोर मात्र त्याच्याच हातात. का, तर त्याच्याइतकी झटपट गाठ कोणाला मारता येत नसे. एका दिवशी रेतीनं भरलेली होडी घरी परतत होती. वावटळ आली. नाम्यानं मारलेली गाठ सुटली, शीड मोकळं झालं आणि होडी उलटली. दौलत तांडेल आणि बाकीचे पोहून काठाला लागले. नामा आधीच उडी टाकून पळाला होता, तो मात्र बुडाला. केल्याची फळं, असं गावानं म्हटलं आणि नाम्याची गाठ तेव्हापासून गावाच्या तोंडात बसली.

खरं सांगायचं तर मंदाचा सगळ्यांत जास्त राग होता तो बापावर. एक गाठ नीट मारता आली नाही तुला. एवढंसं काम. ती शाळकरी होती तेव्हा पोरं तिच्या रिबिनी ओढून पळायची आणि ओरडायची, सुटली, सुटली. त्यानंतर तिनं आयुष्यात जे बांधलं ते निरगाठ मारूनच. वेणी, पिशवी, औषधांचं खोकं, रोग्याची पट्टी. उपकेंद्रात सगळे हसायचे की सिस्टरनं बांधलेलं सोडायला कात्रीच लागते. हसा, म्हणायची ती, पण सुटत तर नाही ना.

त्या दिवशी ड्युटीवर जायच्या आधी ती तडक केसरीनाथच्या ऑफिसात शिरली. एसी चालू होता, शेठ फोनवर होता. त्यानं हातानंच बस म्हटलं. ती बसली नाही.

"बोर्डावरची शेवटची ओळ काढा," ती म्हणाली.

केसरीनाथनं फोन ठेवला. तो वाईट माणूस होता असं नाही. आजारी माणसाला गाडी द्यायचा, बौद्धवाड्यातल्या भीमजयंतीला दरवर्षी मंडप द्यायचा. देणाऱ्याला एक खोड असते, आपण देतो म्हणजे आपण कोणाचं काही देणं लागत नाही असं त्याला वाटतं. "कुठली ओळ? ती नाम्याची? अगो सिस्टर, ती म्हण हाय. म्हनीला काय बाप असतो का?"

"या म्हणीला नसेल. मला होता."

त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग तो जरा ओशाळला, आणि ओशाळलेली माणसं करतात तसा लगेच चिडला. "मी काय गाली दिली का? जे झालं तेच सगला गाव बोलतो. माझा बाप त्या होडीत होता. मरता मरता वाचला. खोटं हाय का? सांग ना. खोटं असंल तर दाखव मना, सोताच्या हातानं बोर्ड उतरवीन. आपला शब्द म्हंजे..."

तो मध्येच थांबला. खोटं आहे असं तिला तरी कुठे वाटत होतं? ती दार आपटून बाहेर आली आणि दिवसभर उपकेंद्रात ज्याच्या त्याच्यावर खेकसत राहिली.

त्या आठवड्यात पोलिओचं काम होतं. रविवारचा बूथ झाला होता, आता राहिलेल्या पोरांसाठी घरोघर. खाली खाडीत एक पाडा आहे, तिथे रस्ता जात नाही, होडीनंच जावं लागतं. तिथे जायला दुसरी कोणी तयार नसायची म्हणून मंदाच जायची. चिंधू नावाचा एक म्हातारा होडीवाला न्यायचा आणायचा. होडीला आता इंजिन होतं, पण तरुणपणी त्यानं शिडावर रेती वाहिली होती. माणूस गप्पिष्ट, मंदा मात्र त्या दिवशी तोंड शिवल्यासारखी बसलेली. डोसांचा निळा डबा पाण्यात पडू नये म्हणून तिनं बारीक दोरी घेतली आणि फळीला करकचून बांधून टाकला. एकावर एक, वर आणखी एक.

पाड्याला लागले तेव्हा भरती चढत होती. डबा सुटेना. मंदानं नखं लावली, दात लावले. भिजलेली दोरी आणखीच आवळली होती. चिंधू बघत होता, शेवटी म्हणाला, "होडीत निरगाठ कशाला मारलीस, बाय? होडीत कोनी निरगाठ मारतं का? नामा मारायचा."

मंदाचा हात थांबला. गावातून इतक्या लांब, खाडीच्या पार खाली, एका होडीवाल्याच्या तोंडीही तेच. सोमवारपासून आत कोंडलेलं सगळं एकदम वर आलं.

"लाज नाय वाटत?" ती म्हणाली. "पांढरे केस झाले तुमचे. मेलेल्या माणसाची टर उडवता, ती पण त्याच्या पोरीच्या तोंडावर. तुम्हाला कुणी सांगितलं मी कोण ते? केसरीनाथनं? इथपर्यंत पोचवलं का त्यानं? माझ्या बापानं तुमचं काय खाल्लं होतं?"

ती बोलत राहिली. काठावर डोसासाठी पोरं काखेला घेऊन आलेल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. चिंधूचं तोंड उघडंच राहिलं. ती दम घ्यायला थांबली तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाय, तुझा बाप कोन मना ठावं न्हाय. नामा म्हंजे गाठ हाय. मानूस न्हाय."

"काय?"

"गाठ. होडीवरची. जसा दोर, जसं शीड, तसा नामा. आमचा तांडेल शिकवायचा, शिडाच्या दोराला निरगाठ मारशील तर हात तोडीन, नामा मार. आता ही काय बांदली हाय..." त्यानं होडीचा दोर दाखवला. काठावरच्या खुंटाला होडी बांधली होती. "पानी चढतंय. घाईनं निघाया लागलं तर निरगाठ सोडत बसू का? हा नामा. ओझं हाय तवर हलत न्हाय. वादल येऊ दे, हत्ती बांद. आनि सोडायचा झाला का हे शेपूट वढायचं."

त्यानं शेपूट ओढलं. ताणलेला दोर खुंटावरून अलगद सुटून पाण्यात पडला. मग त्यानं तो पुन्हा घेतला आणि तिला दिसावं म्हणून सावकाश बांधला. एक वेढा, त्यातून घडी, घडीतून दुसरी घडी, आणि टोक बाहेर मोकळं.

मंदा बघत होती. ही गाठ तिनं पाहिलेली होती. तिची आई सीताबाई जन्मभर खारीतलं गवत कापायची आणि भारा असाच बांधायची. डोक्यावरचा भारा बाजारात उतरवला की एक टोक ओढायचं, भारा पसरला. दुसऱ्या बायका गाठी सोडत बसायच्या तोवर आईचं गवत विकून झालेलं असायचं. मंदानं एकदा विचारलं होतं की ही कुठून शिकलीस. तुझ्या बापाची हाय, एवढंच आई म्हणाली होती. त्या वेळी मंदाला त्या गाठीचीही लाज वाटली होती, म्हणून ती कधी शिकली नाही.

"ही तुमच्याकडे आली कुठून?" तिनं विचारलं.

"वरच्या अंगाच्या होड्यांकडनं. तुमच्याच बाजूच्या, पूर्नेकडच्या. रेती उतरवायला सगल्या होड्या एका बंदराला लागायच्या ना. तिथं बघून बघून सगल्यांनी घेतली. वरची मानसं नामा मारतात, आपन बी नामा मारू. आता शिडं गेली, नाव राह्यलं."

मंदा फळीवर बसली. काठावरच्या बायका ताटकळत होत्या, पण तिला उठवेना. तिच्या गावात जी शिवी होती, ती दोन वळणं खाली गेल्यावर कामाचा शब्द झाली होती. खालच्यांना गाठ मिळाली होती आणि माणूस माहीत नव्हता. गावाला माणूस माहीत होता आणि त्यांनी गाठीला काळं फासलं होतं. मग तिला एक शंका आली. तिचं तिलाच नवल वाटलं की इतक्या वर्षांत ती आपल्याला कशी आली नाही.

"चिंधूबाबा, वावटळीत शिडाची गाठ सुटली तर होडी उलटते का?"

चिंधू हसला. पोरीनं चूल पाण्यानं पेटते का असं विचारावं तसा हसला. "सुटली तर कशी उलटंल? सुटली का शीड फडफडतं, वारा निघून जातो, होडी सरल होऊन उभी राहते. म्हनून तर नामा मारायचा. वावटल आली का शेपूट वढ, जीव वाचव. उलटते ती न सुटल्यावर. निरगाठ असली, शीड भरलं आनि सोडता आलं न्हाय, तर मंग होडी आडवी. रेतीची असली तर सरल तलाला. हे काय सांगायचं? शिडावर बसलेल्या कोनाला बी इचार."

कोणालाही विचार. हे शब्द मंदाच्या कानात तापल्या सळईसारखे गेले.

कारण आंबेखारात शिडावर बसलेली माणसं थोडी नव्हती. दौलत तांडेल होता. त्याच्या वयाचे कितीतरी म्हातारे होते, देवळाच्या ओट्यावर दिवसभर बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला खाडीच्या गोष्टी सांगायचे. त्यांतल्या एकेकाला ठाऊक होतं की सुटल्या गाठीनं होडी उलटत नाही. शिडाखाली ज्यानं एक दिवस काढला त्यालाही ठाऊक असणार. तरी ती म्हण त्यांच्याच समोर बोलली जायची, ते हसायचे, स्वतःही बोलायचे. गुपित वगैरे काही नव्हतं. लपवायची गरजच पडली नाही. नामा मेलेला होता, बौद्धवाड्यातला होता, आणि त्याच्या बायकोला दुसऱ्या दिवशी याच लोकांच्या खारीत गवत कापायला जायचं होतं. दोष ठेवायला याहून सोयीचा माणूस गावात दुसरा नव्हता. आणि मंदानंही त्यांचंच खरं मानून बापाला बोल लावला होता, याचा तिला इतका संताप आला की तिनं दोरी दातात धरून तोडून टाकली.

पोरांना डोस पाजताना तिला आणखी एक गोष्ट आठवली. कोयता.

बापाला काठावर आणला तेव्हा त्याच्या उजव्या मुठीत कोयता होता. मूठ उघडता उघडेना, आईनं एकेक बोट सोडवलं होतं. लोक म्हणाले, होडीवरचा कोयता घेऊन पळत होता, मरताना पण हावरा. आईनं तो कोयता परत दिला नाही. गवत कापायला दुसरा होता, हा ती कधी वापरत नसे. तिच्यामागे तो मंदाच्या घरी माळ्यावर पडून होता. गाठ सुटली असती तर बापाला कोयता कशाला लागला असता? ज्याची गाठ सुटते तो कोयता घेत नाही. ज्याला ती सोडता येत नाही तो घेतो. नामा पळाला नव्हता. तो दुसऱ्याच कोणीतरी मारलेली निरगाठ तोडायला शिडाखाली गेला होता. दुसरा कोण, तर ज्याची होडी त्याला विचारायचं.

रविवारी तिनं इस्त्रीची साडी नेसली. माळ्यावरून कोयता काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पर्समध्ये मावेना म्हणून कापडी पिशवीत घातला. जाऊन काय करायचं ते तिनं ठरवलं होतं. भर सभेत उभं राहायचं आणि ओट्यावरच्या एकेका म्हाताऱ्याचं नाव घेऊन विचारायचं, सुटल्या गाठीनं होडी उलटते का.

गोदामाच्या तोंडाशी मोठा मंडप होता. सिमेंटच्या चौथऱ्यावर एक जुनी होडी आणून, रंगवून, उभी केली होती. तिला नवी डोलकाठी बसवली होती आणि भिवंडीच्याच लूमवरच्या कोऱ्या कापडाचं शीड. चौथऱ्यामागच्या कमानीवर तोच बोर्ड, तीच लाल ओळ. पहिल्या रांगेत ओट्यावरचे म्हातारे नव्या टोप्या घालून बसले होते आणि त्यांच्या मधोमध, गुबगुबीत खुर्चीत, दौलत तांडेल. आता पार वाळून गेलेला. चार शब्द बोला म्हणून केसरीनाथनं त्याच्या हातात बिनवायरचा माईक दिला, पण म्हातारा नुसता होडीकडे बघत बसला. मग माईक त्याच्या मांडीवरच राहिला आणि केसरीनाथ दुसरा घेऊन बोलायला लागला. पाहुण्यांना यायला उशीर झाला होता, ऊन डोक्यावर आलं होतं, खाडीचा दुपारचा वारा सुटला होता.

"हा माझा बाप," केसरीनाथ म्हणाला. "शिडाच्या होडीवर रेती वाहून त्यानं आमाला वाढवलं. आनि आज सकाली, ह्या वयात, ह्या होडीचं शीड त्यानं सोताच्या हातानं बांदलं. डेकोरेटरला हात लावू दिला न्हाय." टाळ्या पडल्या. "आमच्या गावात एक म्हन हाय..." आणि लोक आधीच हसायला लागले.

मंदा उठली. बायकांच्या रांगेतून वाट काढत पुढे गेली. "सिस्टर, जेवन नंतर हाय," कोणीतरी मागून म्हणालं. ती थेट चौथऱ्यावर चढली. इथून सगळ्यांकडे तोंड करून विचारायचं होतं. पण वळता वळता तिची नजर शिडाच्या दोरावर पडली.

होडीच्या काठाला दोर बांधला होता. एक वेढा, त्यातून घडी, घडीतून दुसरी घडी, आणि टोक बाहेर मोकळं.

ही गाठ बांधणारे हात तिथे समोर खुर्चीत होते. ज्या गाठीनं होडी बुडवली असं गावभर झालं, तीच हा माणूस आज सकाळी, कोणी न सांगता, बांधून बसला होता. हाताला दुसरी येतच नव्हती. मंदानं पिशवी खाली ठेवली, टोक धरलं आणि ओढलं.

दोर सुटला. शीड भडकन उडालं आणि फडफडायला लागलं. मंडपात बसलेले दचकले. केसरीनाथचं बोलणं तुटलं.

"काय करतेस?"

"तुमच्या बाबांनी काय बांधलंय ते बघितलं," मंदा म्हणाली. "कुठली गाठ होती, शेठ?"

त्याला काय ठाऊक? त्यानं आयुष्यात शीड फक्त बोर्डावर बघितलं होतं. त्यानं डेकोरेटरच्या माणसांना खुणावलं. दोघं धावत वर आले, उडणारा दोर कसाबसा पकडला, शीड ताणलं आणि काठाला गुंडाळून गाठीवर गाठ मारायला लागले. तेवढ्यात खाडीवरून वाऱ्याचा मोठा झोत आला. शीड गच्च भरलं, डोलकाठी कुरकुरली, होडी चौथऱ्यावर एका अंगाला हलली.

खुर्चीतला म्हातारा अर्धवट उठला. इतका वेळ मेलेले त्याचे डोळे एकदम मोठे झाले. हाताशी आला तो माईक त्यानं काठीसारखा घट्ट धरला आणि तोंडाशी नेऊन हात हलवत ओरडला, आणि ते सगळ्या भोंग्यांतून गोदामभर गेलं.

"निरगाठ नको रं. निरगाठ नको. नामा मार, नामा."

डेकोरेटरच्या माणसांना काही कळलं नाही. पण पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना कळलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं नाही. एकेकानं नजर खाली घातली आणि आपापल्या चपला बघायला लागले.

मंदानं माणसांना बाजूला सारलं. गाठ अजून पुरती आवळली नव्हती, तिनं ती सोडवली. वारा निघून गेला, शीड फडफडलं, होडी सरळ उभी राहिली. मग तिनं दोर घेतला आणि बांधला. तिनं ही गाठ पूर्वी कधीच बांधली नव्हती, तरी हात अडला नाही. टोक बाहेर मोकळं ठेवलं आणि ती खाली वाकून म्हाताऱ्याला म्हणाली, "तांडेल, त्या दिवशी माझ्या बापानं कुठली मारली होती?"

दौलत तांडेल बघत राहिला. "तू नाम्याची?"

"नाम्याची. त्या दिवशी कुठली होती? आणि कुणी मारली होती?"

म्हातारा खुर्चीत बसला. माईक अजून चालू होता, त्यातून त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "आदल्या दिशी कोनाचा पाय लागून नामा सुटलेला. होडी थांबली, उशीर झाला. म्हनून मी..."

"म्हणून तुम्ही निरगाठ मारलीत," मंदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होता. "आणि तो ती तोडायला आत गेला, तुमच्यासकट सगळ्यांसाठी. तुम्ही पोहून आलात आणि त्याचं नाव बुडवलंत. आणि तुम्ही." ती पहिल्या रांगेकडे वळली. "तुम्हाला कोणाला कळत नव्हतं असं एकानं तरी म्हणा. माझी आई तुमच्या दारावरून भारा घेऊन जायची, तुम्ही हसायचात. माझ्या रिबिनी ओढणारी पोरं तुमचीच. एकानं तरी बोलायचं होतं. एकानं."

केसरीनाथ बापाकडे बघत होता. "बाबा?" तो म्हणाला. बापानं मान वर केली नाही.

"शेठ," मंदा म्हणाली, "खोटं आहे म्हणून दाखव म्हणाला होतात."

केसरीनाथनं कमानीकडे बघितलं. स्वतःचा हसरा चेहरा, जहाज, लाल ओळ. तो डेकोरेटरच्या माणसांकडे वळला. "बोर्ड काढा रे तो."

"शेठ, नायलॉनच्या दोरीनं आवललाय," त्यांतला एक म्हणाला. "सगल्या निरगाठी हायत. सुटायचा न्हाय."

मंदानं पिशवी उचलली. वर्तमानपत्र उलगडलं, गंजून काळा पडलेला कोयता बाहेर काढला आणि मुठीकडून केसरीनाथपुढे धरला. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी तो ओळखला.

"घ्या," ती म्हणाली. "माझ्या बापाच्या हातातला आहे. सोताच्या हातानं उतरवीन म्हणाला होतात."